'चार खापरं' आणि माझा एसी: एका प्रतिक्रियेला उत्तर

रस्ता बांधण्याआधी त्या जमिनीची पुरातत्त्वीय पाहणी व्हावी या माझ्या लेखावर 'एक इंजिनियर' या नावाने आलेली प्रतिक्रिया वाचली, दोनदा वाचली. त्यांचं म्हणणं असं: रस्त्याआधी खाली काही जुनं आहे का हे बघायला जे चाचणीचे चर घेतात ते जमिनीचा जेमतेम 2 ते 5 टक्के भाग उघडतात, मग बाकीच्या जमिनीबद्दल काय कळणार, खर्च कोणी करायचा, आणि वर "एसीत बसून लिहिणाऱ्यांना चार खापरांचं कौतुक!!!"

आधी चूक कबूल करतो. व्हॅलेटा करार (पुरातत्त्वीय वारसा जपण्याचा युरोपातला करार) 1992 चा, मी 1995 लिहिलं होतं, ते तो अमलात आला ते वर्ष. दुरुस्त केलंय. पण ही चूक तुम्हाला चांगल्या शब्दांतही सांगता आली असती.

आता एसी. अहो, शिकत असताना दोन सीझन मी रस्त्याच्या आखणीवर सर्वेला होतो. रांगेत ठरावीक अंतर ठेवून चालायचं, मान खाली, दिसेल ते खापर पिशवीत आणि पिशवीवर नंबर, मग तीच जमीन मॅग्नेटोमीटर (जमिनीतले चुंबकीय फरक टिपणारं यंत्र) घेऊन पुन्हा तुडवायची, तेव्हा अंगावर लोखंड चालत नाही म्हणून पट्टासुद्धा काढून ठेवायचा आणि पँट सुतळीने बांधायची (हसा खुशाल). जेसीबीवाल्याशी भांडलोय मी, बिनदाताचं बकेट लाव म्हणून, कारण दातांनी खरवडलं की जुन्या लाकडी खांबाच्या खड्ड्याचा डाग पुसला जातो, आणि लाकूड कधीच कुजून गेलेलं असतं, उरतो तो डागच, वेगळ्या रंगाच्या मातीचा एक गोल. हे एसीत बसून कळत नाही.

आणि खापरं 'चार' नसतात हो. कुठल्या थरात कुठलं खापर यावरून तर वस्तीचा काळ लागतो. बरं, खापरं सोडा. आयर्लंडमध्ये एम3 मोटरवेच्या कामात 2007 साली लिस्मुलिनला लोहयुगातलं रिंगण सापडलं, व्यास 80 मीटर, आणि सगळं नुसत्या खांबांच्या खड्ड्यांचं. राष्ट्रीय स्मारक जाहीर झालं, उत्खनन करून नोंद झाली आणि 2010 मध्ये त्यावरून गाड्या धावायला लागल्या. रस्ता कोणी अडवला? तुम्ही म्हणाल, मग ते आधीच्या पाहणीत का नाही सापडलं, तर तो वेगळा विषय आहे. इंग्लंडमध्ये केंब्रिज ते हंटिंग्डन ए14 महामार्गाच्या कामावर एका वेळी 250 च्या आसपास पुरातत्त्वज्ञ खणत होते, तो रस्ता 2020 मध्ये ठरलेल्या मुदतीच्या आधी सुरू झाला. आता बोला.

टक्केवारीचं गणित मलाही येतं. चर कुठे घ्यायचे ते आधीची पाहणी बघून ठरतं, डोळे मिटून नाही. त्यावर सवडीने लिहीन. खर्चाचं म्हणाल तर व्हॅलेटातच आहे, तो प्रकल्पाच्या पैशातून धरायचा. तुम्ही करारातली वर्षं तपासलीत तशी कलमंही वाचायची होती.

बाकी मी नावानिशी लिहितो, तुम्ही 'एक इंजिनियर'. प्रतिक्रिया डिलीट करा असं दोघातिघांनी सुचवलं, करणार नाही. राहू दे तिथेच, तिन्ही उद्गारचिन्हांसकट.