जळवा, तंबाखू आणि आमचे अण्णा

बोरिवलीत राहणाऱ्या माणसांनी पैसे खर्चून दुसऱ्या नॅशनल पार्कशेजारी राहायला का जायचं, हा प्रश्न सासूबाईंनी तिकीटं काढल्यापासून विमान सुटेपर्यंत रोज विचारला. आमच्या मागच्या गल्लीत तर बिबट्या सीसीटीव्हीत येऊन जातो, तेही फुकट. चिरंजीवांनी गूगल करून सांगितलं, आजी आपलं पार्क साधारण 104 चौरस किलोमीटर आणि मलेशियाचं तमान नेगारा 4343, शिवाय ते जंगल 13 कोटी वर्षं जुनं आहे म्हणतात. "मग दिवाळीनंतर गेलो असतो तर काय शिळं झालं असतं का?" आई म्हणाल्या.

विमानतळावर जायच्या आधी त्यांनी अण्णांची झडती घेतली. सासरेबुवांची तंबाखू डॉक्टरांनी बंद केलीय, म्हणजे आईंनी बंद केलीय, डॉक्टर नुसते नावाला. शेव्हिंगच्या डबीतली पुडी सापडली, चष्म्याच्या केसमधली चुन्याची डबी सापडली, आणि अण्णा जे गप्प झाले ते क्वालालंपूर येईपर्यंत बोलले नाहीत.

पुढे बस, मग तेंबेलिंग नदीतून लांबुळक्या होडीने तीनेक तास. होडीत बसायला जवळजवळ तळालाच फळी असते त्यामुळे गुडघे हनुवटीशी येतात, नवऱ्याला उतरताना दोघांनी ओढून काढलं. लॉज मात्र छान, लाकडी, खांबांवर उभं. दमटपणाबद्दल मुंबईकराला कोणी शिकवायची गरज नाही असं मला वाटायचं, पण रात्री वाळत घातलेला टॉवेल सकाळी जास्त ओला निघाला. आणि संध्याकाळ झाली की झाडांवरचे किडे असे सुरू होतात की वरच्या फ्लॅटमध्ये टाइल्स कापायला घेतल्यात. शांततेसाठी आलो होतो म्हणे.

जेवण नदीवर तरंगणाऱ्या हॉटेलांत. नासी लेमाकवर, म्हणजे तिथल्या नारळाच्या दुधातल्या भातावर, बारके सुके मासे येतात, अण्णांनी एक उचलून उजेडात धरला आणि "अगं, ही तर आपली सुकी मांदेली!" असं ओरडले. आईंचा नेमका गुरुवार. त्यांनी कोरडा भात आणि काकडी खाल्ली, आणि आमच्याकडे ज्या नजरेने बघितलं ते मी इथे लिहीत नाही.

आता जळवा. दुसऱ्या दिवशी झाडांच्या शेंड्यांवरून जाणाऱ्या झुलत्या पुलाकडे निघायचं होतं, जमिनीपासून चाळीसेक मीटर म्हणजे तेरावा मजला, पण गाईड म्हणाला पुलाची काळजी करू नका, वाटेची करा. पावसाने पाचोळा भिजला की जळवा वर येतात, आपल्या पावलांचा हादरा लागला की ताठ उभ्या राहून डोकं हलवत शोधत बसतात. काही तर पानावर कमरेच्या उंचीला वाट बघत असतात. त्यांच्या लाळेत असं काही असतं की रक्त गोठत नाही, त्यामुळे जळू पोट भरून गेली तरी मोजा लाल होत राहतो. त्यावर इलाज म्हणून त्याने खिशातून पिशवी काढली आणि प्रत्येकाच्या हातावर चिमूट चिमूट ठेवली, ओली करून मोज्यांना चोळा म्हणाला.

तंबाखू होती.

अण्णांचा चेहरा त्या वेळी बघायला हवा होता. त्यांनी दोन चिमटी मागून घेतल्या, जरा झाडाआड गेले, आणि जाताना गाईडला हळूच विचारलं, "चुना?" त्याला काही कळलं नाही. पण त्या दिवसापासून अण्णांना जंगलाची गोडी लागली. जो माणूस दूध आणायला कोपऱ्यावर जात नाही तो पहाटे बूट घालून तयार! रात्री मचाणावर बसायलाही पहिले तेच. मचाणासमोर खारट माती असते, ती चाटायला तापीर, सांबर येतात म्हणतात. आमच्या वाट्याला अंधार आला आणि अण्णांचं समाधानाने मान डोलावणं. गाईड त्यांच्यावर खूश, म्हणाला अंकल निसर्गप्रेमी आहेत.

आईही दोन दिवस खूश होत्या. फिरायला आल्याचा हा तरी फायदा झाला म्हणाल्या.

मग एका दुपारी सगळे मोजे कठड्यावर ओळीने वाळत (वाळत कसले, लटकत) होते. आमचे सगळ्यांचे तंबाखूने पिवळट तपकिरी झालेले, त्यांवर रक्ताचा एक डाग नाही. अण्णांचे पांढरेशुभ्र, आणि त्यांवर ठिकठिकाणी लाल गोल. आईंनी एक मोजा उचलला, नाकाशी नेला, परत ठेवला. दुसरा नेला. मग खोलीत जाऊन अण्णांना म्हणाल्या, "जरा आ करा बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाईडने नेहमीप्रमाणे पिशवी उघडली आणि सवयीने अण्णांसाठी दोन चिमटी काढल्या. मध्येच आईंचा हात पुढे आला. "इकडे द्या, त्यांच्या मोज्यांना मी लावते," त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या, आणि गाईडला ते बरोबर कळलं. अण्णांनी मुकाट्याने पाय पुढे केला.