औदुंबराचे पाय आणि चार गुण

नौपाड्यात मराठीचा क्लास चालवणाऱ्या शिक्षकाने विद्यार्थ्यांच्या साहित्यविषयक शंकांचे निरसन अवश्य करावे. मात्र शंका कवितेपर्यंत पोहोचणार नाही, याची खबरदारी घ्यावी. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे परीक्षेतल्या चार गुणांच्या रसग्रहणाचे तीन कप्पे असून ‘कवीने निसर्गाचे मनोहारी चित्र रेखाटले आहे’ हे वाक्य तिन्हींत बसते. कविता गिरणी कामगाराची असेल, तर ‘निसर्गाचे’ खोडून ‘वास्तवाचे’ लिहावे.

बालकवींची ‘औदुंबर’ अवघ्या आठ ओळींची असल्याने तिला बाहेरून आधार द्यावा लागतो. कवी १९१८ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून गेले. त्यामुळे हिरव्या कुरणातून काळ्या डोहाकडे जाणारी पांढरी पायवाट म्हणजे मृत्यूची चाहूल, असे ठोकून द्यावे. कविता अपघाताआधी लिहिलेली आहे, ही अडचण मुलांच्या सहसा लक्षात येत नाही.

माझ्या वर्गात मात्र कळव्याहून येणाऱ्या एका मुलीने हात वर केला. येऊरच्या ओढ्याकाठी तिने उंबर पाहिला होता. पावसाळ्यात त्याची मुळे पाण्यात जातात, म्हणून शेवटच्या ओळीत ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’ म्हटले असेल का, असे तिने विचारले. मी घाईघाईने ‘चेतनगुणोक्ती’ असे फळ्यावर लिहिले. अलंकाराचे नाव सांगितले की उत्तर दिल्यासारखे दिसते आणि बेंचांवर पेने चालू लागतात. तिचे पेन चालले नाही. ‘‘सर, पण शेवटच्या ओळीतला ‘असला’ कौतुकाचा की नवलाचा? आजी मला ‘असली कसली हट्टी’ म्हणते, तसा आहे का?’’

गाईडमध्ये ‘असला’वर एक ओळही नव्हती. अशा प्रसंगी विद्यार्थ्याला ठाण्यातल्या मराठी ग्रंथ संग्रहालयात पाठवावे, असा माझा सल्ला होता. संस्था १८९३ पासून उभी आहे, आपल्या वाट्याची शंका तिने सांभाळायला हरकत नसावी, आणि मूल तिथे रमेपर्यंत आपला पोर्शन उरकतो. पुढच्या सोमवारी ती मुलगी ‘असला’चे तीन अर्थ वहीत उतरवून आली आणि त्यांतला माझा कोणता, असे तिने सगळ्या वर्गासमोर विचारले. ग्रंथ संग्रहालयासंबंधीचा सल्ला तेवढा मी मागे घेतो.