‘लाइट गेली का लिनक्स उडते’ या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टम) टाकण्याच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलं: ‘लाइट गेली का तुमचं लिनक्स उडते. खेड्यात हे फालतू धंदे चालत नाही. एसीत बसून आम्हाले शिकवू नका.’ पुढे यूपीएसचा (लाइट गेल्यावर कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवणाऱ्या बॅटरीच्या डब्याचा) खर्च, प्रिंटर आणि मराठी टायपिंगवरही फटकारे.

एसीचं आधी. मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात राहतो. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा टिनाखाली बसूनच लोकांचे कॉम्प्युटरचे डबे दुरुस्तीला खोलतो, कितीतरी वर्षांपासून. समोरचा कुठून लिहितो हे न विचारता ‘शिकवू नका’ म्हणायची ही कोणती रीत? यूपीएसचा खर्च प्रत्येकाला झेपत नाही, हे तुमचं मान्य. बाकी नाही.

मिंट डिस्कवर फाइली ठेवायला ईएक्सटी4 ही फाइल सिस्टम वापरतं आणि त्यात जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, असतं. फाइल सिस्टममधला बदल आधी जर्नलमध्ये नोंदवला जातो, मग जागेवर. लाइट गेली तर पुढच्या बूटला जर्नल वाचून हिशेब जुळवला जातो. सेव्ह न केलेलं जातं, शेवटच्या अर्ध्या मिनिटातलं सेव्ह केलेलंही कधी डिस्कवर पोचलेलं नसतं. ते विंडोजवरही जातं.

मग सिस्टम सुरू न होता ‘इनिट्रामएफएस’ (initramfs) लिहिलेला काळा पडदा का येतो? वारंवार येत असेल तर आधी डिस्कवर संशय घ्या. तिथं एफएससीके (fsck, फाइल सिस्टम दुरुस्त करायची कमांड), पार्टिशनचं (डिस्कच्या भागाचं) नाव आणि मागे -वाय (-y, सगळ्याला ‘हो’) देतात, पण मरत्या डिस्कवर ते डोळे झाकून चालवलं तर उरलेलंही जाऊ शकतं. कामाचा डेटा असेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरूनच मिंट चालतं अशा) बूट करून आधी कॉपी काढा. मग स्मार्टसीटीएल -ए (smartctl -a, डिस्कची तब्येत दाखवणारी कमांड) चालवा आणि 5, 197, 199 या नंबरच्या ओळींचे शेवटच्या कॉलमातले आकडे पहा. 5 म्हणजे खराब म्हणून बाजूला टाकलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), 197 म्हणजे नीट वाचता न आलेले सेक्टर; ते वाढत असतील तर डिस्क बदला. फक्त 199 (केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुका) वाढत असेल तर आधी साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी वायर) बदला, डिस्क फेकू नका.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात ना? मग अर्थिंग नाही, एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या) फिल्टरमधून जवळपास निम्मं व्होल्टेज पत्र्यावर येतं. वायरमनकडून सॉकेटमध्ये मोजून घ्या: फेज-अर्थ 230 च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट. दहा-वीस दिसले तर अर्थिंगचा खड्डा पहा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, सळई सुटते. खड्ड्यात पाणी टाकत राहावं लागतं.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडवर लाइट जाताना कॉम्प्युटर रिस्टार्ट होऊ शकतो. मात्र यूपीएस मोडवर साधारण 180 व्होल्टच्या खाली तो बॅटरीवर जातो, म्हणून संध्याकाळी व्होल्टेज पडणाऱ्या गावात बॅटरी लवकर उतरते. बॅटरीतल्या पाण्याची पातळी पाहत जा. आणि लाइट आल्यावर तारीख मागे गेलेली दिसली, साइट उघडेनात, तर मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल (घड्याळ चालू ठेवणारा बटणासारखा सेल) बदला. यातलं काहीही लिनक्समुळे होत नाही.

प्रिंटरचं सोडून देतो. मॉडेल न सांगता ‘चालत नाही’ला उत्तर नसतं. टायपिंगचं तर लेखातच आहे, वाचलं असतं तर दिसलं असतं. 5, 197, 199 चे तिन्ही आकडे आणि न्यूट्रल-अर्थचं रीडिंग इथं टाका, मग बोलू.