साडेसात किलोमीटरची साडेसाती

आमच्या वडाळ्याच्या सोसायटीत फ्लॅट ३२ आणि गाड्या लावायच्या जागा ११. रात्री साडेनऊनंतर घरी येणाऱ्याने 'गाडी कुठे लावू' असा विचार करायचाच नसतो. कोणाच्या गाडीपुढे लावू आणि सकाळी सहाला कोणाची बेल खाऊ, एवढंच ठरवायचं असतं. अशा माणसाने विरंगुळा म्हणून पत्ते खेळावेत, पेटी शिकावी. मी मात्र रात्री जेवण झालं की संगणकापुढे बसतो आणि अवकाशयान पार्क करतो.

खेळाचं नाव 'एलिट डेंजरस'. २०१४ सालचा. याचा मूळपुरुष 'एलिट' १९८४ मध्ये केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी काढला. तेव्हा मी रांगत होतो आणि आमचे अप्पा गोदीत टगवर, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर होते. अप्पांचा संबंध पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

या खेळात अख्खी आकाशगंगा आहे. ४० हजार कोटी तारे. त्यात वाटेल तिकडे उंडारा, कोणी हटकत नाही. पण माल विकायचा, इंधन भरायचं तर अवकाशस्थानकात शिरावं लागतं, आणि तिथे आपली मुंबई सुरू होते.

स्थानकापासून साडेसात किलोमीटरच्या आत आलं की आत शिरायची परवानगी मागता येते. साडेसाती इथूनच. परवानगी मिळाली की पॅडचा, म्हणजे यान उतरवायच्या जागेचा, नंबर मिळतो आणि दहा मिनिटांचं घड्याळ चालू होतं. कोरिओलिस जातीच्या स्थानकात असे ४५ पॅड असतात, लहान, मध्यम आणि मोठे. शिवाय आउटपोस्ट म्हणून छोटी ठाणी असतात, तिथे मोठा पॅडच नाही. त्यामुळे हौसेने थोरलं यान घेतलेल्याची अवस्था गिरगावच्या चाळीत राहून एसयूव्ही घेतलेल्यासारखी होते. गाडी आहे, पण ती दुसऱ्याच्या गल्लीत.

आता तो दरवाजा. दरवाजा कसला, टपालपेटीची फट म्हणा. खेळणारेही त्याला तसंच म्हणतात. त्यात कहर म्हणजे आतल्या लोकांना वजन भासावं म्हणून स्थानक स्वतःभोवती फिरत असतं. म्हणजे फटही फिरते. तुम्ही कल्पना करा, तुम्ही गाडी घेऊन गेटसमोर आलात आणि वॉचमनने गेट घड्याळाच्या काट्यासारखं फिरवायला घेतलं. यानाने आपोआप स्थानकाबरोबर फिरावं अशी सोय खेळात आहे. ती मी पहिल्याच दिवशी 'हे काय बटण आहे' म्हणून बंद केली होती, हे मला तीन आठवड्यांनी कळलं.

त्या तीन आठवड्यांत मी फटीच्या वरच्या कडेला आपटलो, खालच्या कडेला आपटलो, एकदा तर फटीच्या जवळपासही नसलेल्या भिंतीवर आपटलो. यान फुटलं तर किमतीच्या पाच टक्के भरून नवं मिळतं. आत भरलेला माल मात्र गेला तो गेला. एकदा कसाबसा आत शिरलो, पॅडवर नेमका आलो आणि तिथे तरंगत राहिलो. यान काही टेकेना. पाच मिनिटांनी लक्षात आलं की यानाचे पाय बाहेर काढायचे राहिलेत. तेवढ्यात कंट्रोलवरून आवाज आला की इथे रेंगाळणं हा गुन्हा असून शिक्षा मृत्यूची आहे. आपल्याकडे टोइंगवाला निदान गाडीच उचलून नेतो.

त्या रात्री अप्पा पाणी प्यायला उठले होते. माझ्या खुर्चीमागे तांब्या हातात घेऊन उभे राहिले.

"काय करतोयस?"

"जहाज लावतोय, अप्पा."

"असं?" ते जरा वाकले. "टग कुठे आहेत?"

टग नाहीत म्हटलं. पायलट? तोही नाही, मीच. अप्पांच्या चेहऱ्यावर असा भाव आला की जणू मी बिनलायसन्स बाळंतपण करतोय. अप्पा तांडेल, म्हणजे खलाशांचे मुकादम म्हणून निवृत्त झाले. बंदरातला पायलट चढल्याशिवाय आणि टगांनी दोर घेतल्याशिवाय मोठं जहाज गोदीत शिरतं, ही गोष्ट त्यांना तीनशे कोस अंतरावरूनही सहन होत नाही. मुंबईची इंदिरा गोदी १९१४ पासूनची. तिथे आतलं पाणी भरती-ओहोटीने वरखाली होऊ नये म्हणून लॉकगेटं आहेत, आणि त्या लॉकमधून जहाज आत घ्यायचं म्हणजे भरतीची वेळ, वारा, दोर, सगळं जमवावं लागतं. हे मला लहानपणापासून पाठ आहे, कारण आमच्याकडे जेवताना बोलायचा दुसरा विषयच नव्हता.

"आणि एवढ्या जोरात का येतोयस?"

"दहा मिनिटांत शिरावं लागतं."

"मग काय झालं? थांबता येतं त्याच वेगाने यायचं असतं, मेल्या."

ते स्क्रीनजवळ गेले. फटीच्या दोन बाजूंना दिवे होते, एकीकडे हिरवे, एकीकडे लाल. मी इतके दिवस त्यांना रोषणाई समजत होतो. अप्पांनी क्षणभर बघितलं आणि तांब्यातल्या पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "हिरवा उजवीकडे घे."

"का?"

"बंदरात शिरताना हिरवा बोया उजव्या हाताला, लाल डाव्या. बाहेर पडणारा दुसऱ्या बाजूने जातो. नाहीतर टक्कर."

मी यान गोल फिरवून हिरवे दिवे उजवीकडे आणले. वेग कमी केला. अप्पा 'येऊ दे... येऊ दे...' करत होते, आवाज टगवरचा. फट मोठी होत गेली. समोरून कुणा दुसऱ्या खेळाडूचं अगडबंब यान बाहेर येत होतं. ते अगदी माझ्या डाव्या बाजूने सरकत गेलं, गल्लीत दोन गाड्या एकमेकींच्या आरशाला आरसा न लावता निघतात तसं. आत शिरलो. पाय काढले. खाली टेकलो. ठक्. अप्पांनी तांब्या ठेवला आणि विचारलं, "दोर बांधलेस ना?"

पुढे मी डॉकिंग कॉम्प्युटर विकत घेतला. तो एकदा लावला की यान आपोआप आत जाऊन बसतं, वर वॉल्ट्झचं संगीतही वाजतं. अप्पांना दाखवलं. त्यांनी ते संगीत शेवटपर्यंत ऐकलं. "पायलट चांगला आहे," म्हणाले, "पण गातो कशाला?" दुसऱ्या दिवशी मी तो काढून ठेवला.

गेल्या रविवारी साखरपुड्याहून परत आलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. एक जागा मोकळी, तीही खांब आणि जनरेटरच्या मधली. अप्पा गाडीतून उतरून मागे गेले. डिकीवर हात मारत म्हणाले, "येऊ दे... सावकाश... उजवी घे... अजून बोटभर... बस!" ठक्. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं. मी आरशात बघून स्वतःलाच मान डोलावली.

गेटवरून वॉचमन शिट्टी वाजवत धावत आला. ही जागा चौथ्या मजल्यावरच्यांची, ते दहा मिनिटांत येताहेत, फोन आलाय.

अप्पा माझ्याकडे वळले. "परवानगी मागितली नव्हतीस?"