बॉडी ओन्ली

खोक्यात बॅटरी नव्हती.

हे मी आधीच सांगून टाकतो. गेले चार दिवस घरात येणाऱ्याजाणाऱ्याला हीच बातमी चहाबरोबर दिली जातेय, तेव्हा निदान इथे तरी ती माझ्या तोंडून फुटलेली बरी. खोकं भलंमोठं होतं. त्यात पुठ्ठ्याच्या कोनाड्यात कॉर्डलेस इम्पॅक्ट रेंच (गाडीच्या चाकाचे नट सोडायचं मशीन) होता, डझनभर भाषांतलं माहितीपत्रक होतं, आणि मशीनच्या बुडाशी, जिथे बॅटरी बसते, तिथे एक स्वच्छ, रिकामी खाच होती. खोक्यावरच्या फोटोत मात्र बॅटरी होती. चांगली ठसठशीत.

"कॉर्डलेस म्हणजे वायर नसलेलं ना?" बायकोने खोक्यात डोकावून विचारलं. "मग नाहीये की वायर. शब्द पाळलाय त्यांनी."

मूळ भानगड स्टेपनीची. त्याआधीच्या रविवारी सकाळी आमच्या ठाण्यातल्या मानपाड्याच्या सोसायटीत गाडीचं मागचं डावं चाक बसलेलं दिसलं. घोडबंदर रोडवर रोज गाडी चालवणाऱ्याला याचं काही वाटत नाही. मेट्रोच्या खांबांखालून जाऊनयेऊन चाक शाबूत राहिलं तरच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. डिकीतला एल पाना काढला. आधी हाताने जोर लावला, मग पायाने, मग पान्यावर दोन्ही पायांनी उभा राहिलो. पाना सटकला आणि मी शेजारच्या स्कूटरवर बसलो. 'बसलो' हा शब्द सभ्य आहे. सायकलवर चकरा मारणारी सहा-सात वर्षांची एक मुलगी थांबली, तिने माझ्याकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, आणि अगदी काळजीने विचारलं, "काका, तुम्हाला येतं का हे?"

शेवटी वॉचमनने कुठूनतरी तीन फुटी लोखंडी पाइप आणून पान्याच्या दांड्यावर चढवला आणि चारही नट करकरत सोडले. मी त्याला पन्नास रुपये दिले. त्याने ते ज्या नजरेने घेतले, ती नजर मला अजून आठवते.

त्या रात्री मी वहीत हिशेब मांडला. माझं वजन ७४ किलो, पाना फूटभर लांब, म्हणजे साधारण ३० सेंटीमीटर. टोकावर मी उभा राहिलो की नटावर येणारा पीळ २१७ न्यूटन मीटरच्या आसपास. छोट्या गाडीच्या चाकाचा नट आवळायचा असतो तो साधारण १०० न्यूटन मीटरला, कंपनीप्रमाणे थोडा इकडेतिकडे. म्हणजे दुप्पट जोर लावूनही नट हलला नव्हता. याचा दोष माझ्या पायांचा नाही, हे एवढं तरी गणिताने सिद्ध झालं.

दोष त्या पोराचा. महिन्यापूर्वी हायवेलगतच्या एका टपरीवर पंक्चर काढलं होतं. तिथल्या पोराने हवेच्या गनने नट बसवले. टर्रर्र, टर्रर्र, आणि प्रत्येक नटाला शेवटी आणखी एक टर्रर्र, पाहुण्याला आग्रहाने वाढावा तसा. गनवर किती जोर लावलाय हे बघायची सोय नाही, असली तरी बघणारा नाही. तक्रार केली तर म्हणतो, "साहेब, ढिला राहिला तर चाक निघून जाईल ना!" बरोबर आहे. पण या जोराने नट ज्यावर बसतो तो स्टड ताणला जातो, आटे खराब होतात, पुढच्या चाकांत डिस्क ब्रेक असतील तर तीही वाकडी होऊ शकते. आणि पावसात, रात्री अकराला, गायमुखच्या घाटात चाक बदलायची वेळ आली तर? तिथे कुठला वॉचमन आणि कुठला पाइप? हे मी विनोदाने म्हणत नाहीये. यांचा जोर निस्तरायला गिऱ्हाइकाने घरी मशीन पाळायचं, असा एकूण मामला.

तर मशीन घ्यायचं ठरलं. तीन रात्री जागून मी व्होल्टचा अभ्यास केला. बाजारात १८ व्होल्टचं मशीन आहे, २० व्होल्टचं आहे, २१ व्होल्टचं आहे. मी २१ कडे झुकलो होतो, आपल्याला कमी कशाला! मग कळलं की तिन्हींत लिथियमचे तेच पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात. सेल सरासरी ३.६ व्होल्टचा धरला तर पाचांचे १८, चार्ज केल्याकेल्या ४ धरला तर २०, आणि काठोकाठ भरून ४.२ धरला तर २१. घरी बाळू, शाळेत बाळकृष्ण आणि पत्रिकेत चि. बाळकृष्णराव, त्यातली गत. याच्याही पुढे ऑनलाइन ४८ आणि ८८ असे आकडे छातीवर लावलेली स्वस्तातली मशीनं दिसतात. त्यांच्याही पोटात बहुतेक वेळा तेच पाच सेल निघतात. आकडा व्होल्टचा आहे की पत्रिकेतल्या गुणांचा, कोण जाणे.

अशा तयारीनिशी मी शनिवारी जांभळी नाक्याजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. रिक्षाने. त्या भागात गाडी नेणाऱ्याने ती लावायला तलावपाळीला तीन प्रदक्षिणा घालायची तयारी ठेवावी, आणि माझी गाडी तर स्टेपनीवर होती.

काउंटरवर माझ्याआधी एक काका उभे होते. सत्तरीचे. हातात कापडी पिशवी, पिशवीतून कोथिंबीर डोकावतेय, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी. त्यांना फ्लशच्या टाकीचं वायसर हवं होतं. जुनं वायसर त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून, पुरावा म्हणून आणलं होतं. शेठने दहा रुपयांचं वायसर काढून दिलं, काकांनी दहाची नोट दिली, व्यवहार संपला. काका मात्र हलले नाहीत. मी 'इम्पॅक्ट रेंच' म्हटल्यावर ते सावकाश माझ्याकडे वळले.

"गॅरेज काढताय?"

"नाही हो. घरीच. गाडीचे नट सोडायला."

"गाड्या किती?"

"एक."

"कुठली?"

"वॅगन आर."

"मग चाकाला चार नट," काका म्हणाले. माझी गाडी त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असल्यासारखे. "वर्षाला पंक्चर किती?"

मी घोडबंदरचं नाव न घेता दोन सांगितले. आकडा लाज राखण्यापुरता कमी केला होता.

"दोन चोक आठ. गाडी अजून किती वर्षं ठेवाल? दहा धरा. ऐंशी नट." त्यांनी माझ्यावरून शेठकडे पाहिलं. "कितीला मशीन?"

"अकरा हजार चारशे."

"आणि त्याच्या गोट्या?"

आता गोट्यांचंही, म्हणजे नटावर बसवायच्या सॉकेटांचंही, खरं होतं. घरातल्या चकचकीत क्रोमच्या गोट्या या मशीनला लावायच्या नसतात. त्या कडक असतात, ठोक्याने तडकून तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. काळ्या, जाड भिंतीच्या, इम्पॅक्टच्या वेगळ्या घ्याव्या लागतात. शेठने सेट काढला, एक हजार नऊशे.

काकांनी डोळे मिटले. त्या वेळी दुकानात खिळे तोलायचा आवाजसुद्धा थांबला, असं मला वाटलं. "तेरा हजार तीनशे भागिले ऐंशी. एकशे सहासष्ट रुपये पंचवीस पैसे." डोळे उघडले. "एक नट सोडायला."

"आवळायलाही वापरणार आहे मी," मी म्हणालो. हे बोलायला नको होतं.

"आवळायला?" काकांनी पिशवी खाली ठेवली. म्हणजे मुक्काम. "अहो, आवळायला हात. सोडायला मशीन, आवळायला हात! मशीनने फक्त टेकवायचा, मग टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजणारा पाना, लावून, समोरासमोरचे, असे फुली मारत. बत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढलीत मी, वागळे इस्टेटला."

वागळे इस्टेटचं नाव निघालं की जुन्या ठाणेकराला थांबवणं अवघड. एमआयडीसीची सुरुवातच १९६२ साली तिथे झाली, हे मी चौथीच्या भूगोलाआधी माझ्या मामाकडून ऐकलं होतं. आता तिथे काचेच्या इमारती झाल्यात आणि टूलरूमवाले वायसर घ्यायला जांभळी नाक्यावर येतात. काकांनी मला लेथ सांगितला, पाळी सांगितली, भोंगा सांगितला. मग शेठच्या पोऱ्याला मशीन काढायला लावलं, जणू घेणारे तेच होते.

पोऱ्याने फळीवरचं मशीन घेतलं, ड्रॉवरमधून बॅटरी काढून खट्‌कन बसवली (या 'खट्‌कन' कडे लक्ष असू द्या), शिकंज्यात धरलेल्या बोल्टवर गोटी ठेवली आणि चाप ओढला. आधी नुसती घरघर, मग बोल्ट अडल्याबरोबर ठकठकठकठक असा कानठळ्या बसवणारा कल्लोळ. पोऱ्याने मशीन एका हातात धरलं होतं, कॅडबरी धरावी तसं.

"बघा," काका माझ्या कानाशी ओरडले, "मनगट पिळवटत नाही, का सांगा! आत हातोडा आहे. हातोडा आणि ऐरण! मोटार फिरते, स्प्रिंग दबते, हातोडा सुटतो आणि ऐरणीवर ठक्क! मिनिटाला दोन-तीन हजार वेळा. हे पिळणं नाहीच, हे ठोकणं आहे." त्यांचे डोळे चकाकत होते. त्या क्षणी एकशे सहासष्ट रुपये पंचवीस पैसे ते विसरले होते, याची मला खात्री आहे.

मी बळ आल्यासारखा मोठं मॉडेल मागितलं. खोक्यावर १००० न्यूटन मीटर होतं.

"ट्रकचे नट सोडणार?"

"नाही, पण असावं हाताशी..."

"तो हजार सोडायचा आकडा. आवळायचा वेगळा, कमी. छापतात मोठा तो. तुमच्या नटाला शंभर लागतो, जाम असला तर अडीचशे-तीनशे. हजाराचं मशीन जड किती, उचलून बघा. चाकाशी उकिडवे बसून एका हातात धरायचंय. आणि नट ऐकला नाही तर बोल्टच मोडून हातात येईल." मग थोडं थांबून, "पाइप नाहीये का घरी? तीन फुटी?"

मी वॉचमनचं नाव काढलं नाही.

मधलं मॉडेल घेतलं. अर्धा इंची चौकोन, ब्रशलेस मोटार, सगळं काकांनी तपासलं. चौकोनावरची गोटी अडकवायची रिंगसुद्धा त्यांनी नखाने दाबून पाहिली. शेठने फळीवरचं मशीन परत ठेवलं आणि आतून सीलबंद खोकं आणलं. आणि तेवढ्यात, मी पैसे मोजत असताना, काकांनी विचारलं होतं. हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. त्यांनी विचारलं होतं, "बॅटरी आहे ना यात?"

आणि मी, ७४ किलोचा सुशिक्षित माणूस, हसून म्हणालो होतो, "काका, कॉर्डलेस आहे. बॅटरी असणारच."

शेठ पावती लिहीत होता. त्याने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी खोकं घेऊन मी परत गेलो. शेठने पावतीवर बोट ठेवलं. मॉडेलच्या लांबलचक नंबराच्या शेपटीला एक इंग्रजी अक्षर होतं. "हे अक्षर म्हणजे बॉडी ओन्ली, साहेब, नुसतं मशीन. ज्याच्याकडे त्याच कंपनीचं ड्रिल आहे, तो बॅटरी परत कशाला घेणार? एकच बॅटरी सगळ्याला चालते." पद्धत रास्त आहे, मला मान्य आहे. पण माझ्याकडे ड्रिल नाही, आणि दाखवताना बॅटरी ज्या ड्रॉवरमधून आली तो ड्रॉवर मला कोणी दाखवला नव्हता. गिऱ्हाइकाला अर्धी वस्तू विकायची आणि उरलेल्या अर्ध्याचं नाव एका अक्षरात लपवायचं, याला मी चलाखी म्हणणार नाही; मला सुचलेला शब्द इथे छापता येणार नाही. फोडलेलं खोकं तो परत घेईना. पान्यावर उभा असताना मीही बॉडी ओन्लीच होतो, असं वाटून गेलं.

"काय, बदलायला?"

मागे काका उभे. हातात तीच प्लास्टिकची पिशवी, त्याच गाठीची.

"तुम्ही इथे कसे?"

"वायसर बदलायला," ते किंचित ओशाळून म्हणाले. "बाहेरचं माप बरोबर होतं. भोक चुकलं."

शेठने एक शब्द न बोलता त्यांना वायसर बदलून दिलं. दहा रुपयांचा माल बदलून मिळतो, अकरा हजार चारशेचा नाही.

चार ॲम्पिअर अवरची बॅटरी आणि चार्जर, मिळून आठ हजार तीनशे. मी कार्ड पुढे केलं. काकांनी यावेळी डोळेसुद्धा मिटले नाहीत.

"एकवीस हजार सहाशे. दोनशे सत्तर रुपये नट." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात खरी कळकळ होती. "आता असं करा, पंक्चर वाढवा. तरच परवडेल."

"घोडबंदरला राहतो मी, काका."

"हात्तिच्या! मग प्रश्नच मिटला," ते म्हणाले आणि निश्चिंत मनाने वायसर घेऊन गेले.