‘मशीन बोगस, दुकान त्याहून बोगस’: एका ताऱ्याला दुकानदाराचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक तारा दिलात, तोही ‘शून्य देता येत नाही म्हणून’. बाकीच्यांना कळावं म्हणून तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. आमच्याकडून भाड्याने नेलेलं ड्रिल मशीन बोगस निघालं. पडद्याच्या रॉडसाठी सहा ठिकाणी प्रयत्न केलात, पण भोक अर्ध्या इंचाच्या पुढे गेलं नाही. कसाबसा लावलेला रॉडही तिरका दिसतो. बिट, म्हणजे मशीनला लावायची भोक पाडणारी सळई, जळालं. वर आम्ही डिपॉझिटमधून बिटचे १५० आणि जास्तीच्या दिवसाचे ३०० कापले, आणि काउंटरवरचा मुलगा हसला.

आधी हसण्याचं. हसला हे खरं आहे. मी आत खिळे तोलत होतो, मलाही ऐकू आलं. चूक झाली, त्याच्या वतीने माफी मागतो.

आता मशीन. तुम्ही गेल्यावर मी ते दुकानामागे ठेवलेल्या विटेवर लावून बघितलं. बिट नुसतं गरगरत राहिलं, तेव्हा खाली वाकून बघितलं तर फिरण्याच्या दिशेचा खटका उलट्या बाजूला. म्हणजे मशीन रिव्हर्समध्ये होतं. दुसरा, हातोडीचं चित्र असलेला खटकाही साध्या ड्रिलवर. थोडक्यात, तुमचं मशीन उलटं फिरत होतं आणि ठोके अजिबात मारत नव्हतं. दोन्ही खटके सरळ केले आणि नवीन बिट लावलं, तर विटेत दोन इंच सहज गेलं.

खटका आधीच्या गिऱ्हाइकाने स्क्रू उलटा काढताना फिरवला की तुमच्या हातून फिरला, हे मी छातीठोक सांगणार नाही. पण देताना बघून देणं आमचं काम होतं, ते झालं नाही.

बिट का जळालं तेही सांगतो. त्याच्या टोकाला कार्बाइडची पट्टी झाळून बसवलेली असते. ती सरळ फिरली की कापते, उलटी फिरली की घासते. तुम्ही चाळीस मिनिटं दाबून धरलंत असं स्वतःच लिहिलंय. टोक निळं-काळं पडलं, झाळण सुटली, पट्टी गेली. तरी प्लास्टर फोडलंत, हीच कमाल. तो अर्धा इंच म्हणजे साधारण तेवढ्याच जाडीचा गिलावा, त्याच्यापुढे खरी भिंत सुरू होते.

आणि ती भिंत नाहीच. तुमच्या फोटोत भोकं खिडकीच्या बरोबर वर आहेत. तिथे आरसीसीचा लिंटल, म्हणजे सळया घातलेली काँक्रीटची आडवी तुळई असते. मुंबईत निम्म्या घरांच्या पडद्याची रड इथेच आहे. तुम्ही नेलेल्या मशीनमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर खडखडतात आणि त्यातून ठोके निघतात. विटेला तेवढं पुरतं, काँक्रीटपुढे हात भरून येतात. लिंटलला हॅमर मशीन लागतं. त्याच्या पोटात पिस्टन असतो, ठोका हवेच्या दाबाने बसतो, आपल्याला नुसतं धरून उभं राहायचं. म्हणून तर मुलाने तुम्हाला विचारलं होतं, ‘भिंत कसली आहे?’ तुम्ही म्हणालात, ‘भिंत म्हणजे भिंत.’ (हसला तो इथे. तरी चूकच.)

‘व्हिडिओत दोन मिनिटांत होतं’ असं लिहिलंत. त्यातले बरेच व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिकडे लाकडी चौकटीवर जिप्समचे बोर्ड ठोकलेले असतात, आणि तो माणूस भिंतीवर टिचक्या मारत मागचं लाकूड शोधतो. आपल्याकडे टिचक्या मारल्या तर शेजारी दार उघडतात.

साहेब, हे मी वरून बोलत नाही. माझं घरच हार्डवेअरच्या धंद्यावर चाललंय, तरी मी स्वयंपाकघरात मसाल्याची फळी लावायला नळाच्या बरोबर वर, सरळ रेषेत भोक पाडलं. नळाच्या वर पाइप असू शकतो, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो. भोक झकास पडलं, स्क्रू धरणारी गिट्टी बसली, फळी लागली, बायकोने बरण्याही मांडल्या. आमच्याकडे स्वयंपाकघरात म्युनिसिपालटीची डायरेक्ट लाइन आहे, पाणी पहाटे येतं. संध्याकाळी पाइप कोरडा, त्यामुळे काहीच कळलं नाही. पहाटे पाणी आलं आणि हळदीची बरणी फळीसकट ओट्यावर. पिवळं पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या देवघरापर्यंत पोचलं. प्लंबरने ती भिंत फोडली तेव्हा मी दुकानात येऊन बसलो होतो, घरी थांबायची हिंमत नव्हती. काकू अजून मला बघून ‘आज काही पाडायचंय का?’ असं विचारतात.

पैशांचं असं. बिटचे १५० परत करतो, खटका बघणं आमच्याकडून राहिलं. जास्तीच्या दिवसाचे ३०० परत करणार नाही. मशीन तुमच्याकडे होतं, त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक परत गेलं. याबद्दल अजून एक तारा कापलात तरी चालेल, कापायला उरलेलाच नाही.

रॉड तिरका दिसतोय, त्याचा दोष मात्र घेणार नाही. पाणसळ (आडवी रेषा तपासायची बुडबुड्याची पट्टी) मी तुम्हाला देत होतो, तुम्ही ‘नजरेने लावतो’ म्हणालात. तरी जुन्या बिल्डिंगमध्ये छतच कललेलं असतं, पाणसळीत लावलेला रॉडसुद्धा वाकडा भासतो. तेव्हा कदाचित तुमची नजर बरोबर असेल.

शनिवारी हॅमर मशीन मोकळं आहे. जुनी सहा भोकं व्हाइट सिमेंटने बुजवा, नवीन दोन-तीन इंच बाजूला घ्या. भुकटी लाल आली तर वीट, करडी आली तर काँक्रीट. मशीन थडथडलं आणि आत काही चकाकलं तर सळई लागली समजा. जोर लावू नका, इंचभर सरका. दुपारी दोन ते चार बंद ठेवा, नाहीतर पुढचा रिव्ह्यू तुमच्या सोसायटीचा येईल. मशीन मी स्वतः खटके दाखवून देईन. पाणसळ पिशवीत घातलेली असेल, तिचं भाडं नाही.