ओठावरचा डाग आणि घरातली चर्चा

भाचीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा इथे इंग्लंडमध्ये दुपारचे दोन वाजले होते, कुडाळात संध्याकाळचे साडेसात. तुळशीची लग्नं होऊन गेली होती आणि तिच्या लग्नाला तीन आठवडे उरले होते. वरचा ओठ चांगलाच सुजला होता. सुजेचं मला काही वाटलं नाही. ओठ भरदार दिसावेत म्हणून तिने पार्लरमध्ये फिलर, म्हणजे एक जेल, टोचून घेतलं होतं, आणि ओठात फिलर टोचल्यावर सूज, लाली, निळसर वण हे काही दिवस असतंच. मी घाबरले ते ओठापासून नाकाकडे गेलेला पांढुरका पट्टा आणि त्याच्या कडेची जाळीसारखी जांभळी नक्षी बघून.

"दुखता?" मी विचारलं.

"खूप दुखता. पार्लरवाली म्हणता बर्फ लाव. मावशी, आवशीक सांगू नको हां."

मी परिचारिका आहे. फिलरची जेल रक्तवाहिनीत शिरली किंवा बाहेरून तिच्यावर दाबली गेली, की पुढच्या त्वचेचं रक्त तुटतं आणि ती मरायला लागते. साध्या सुजेला बर्फ ठीक, पण इथे तो वाहिनी आणखी आवळतो. इथे हवी ऊब, आणि सगळ्यात आधी हायलुरोनिडेज नावाचं इंजेक्शन, जे ती जेल विरघळवतं. तेही फिलर हायलुरोनिक अ‍ॅसिडचं असेल तरच. सिलिकॉनसारखं दुसरं काही असलं तर त्याचा उपयोग नाही. त्या पार्लरमध्ये हे औषध नव्हतं आणि टोचणारीला त्याचं नावही माहीत नव्हतं. काय टोचलं, हेसुद्धा तिला धड सांगता आलं नाही. आवशीला, म्हणजे माझ्या बहिणीला, सांगावंच लागलं, कारण गाडी काढायला भावोजी हवे होते. रात्री उशिरा गोव्यात एका त्वचारोगतज्ज्ञांनी जेल विरघळवली. तांदळाच्या दाण्याएवढा डाग राहिला.

हेच फिलर दोन भुवयांच्या मध्ये किंवा नाकाच्या शेंड्यात टोचलं असतं तर? तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात. जेल उलटी सरकून तिकडे गेली, की त्या डोळ्याची दृष्टी जाते आणि बहुतेक वेळा ती परत येत नाही. हे क्वचित होतं, पण झालं तर हातात तास-दीड तास असतो. आमच्या गावाकडे काही गंभीर झालं की गोव्यातलं बांबोळीचं सरकारी इस्पितळ, आणि मालवणाहून बांबोळीला जायलाच दोन तास लागतात. मुंबईतल्या मुलीपेक्षा आमच्या मुलीचा धोका त्यामुळे वाढतो.

घरात नंतर जी चर्चा झाली, त्यात यातलं काहीच नव्हतं. वडीलधारे म्हणाले, देवान दिलेल्या तोंडाक काय झाला होता? चुलत भावंडं म्हणाली, तिचा चेहरा आहे, तुम्ही कोण? मला भावंडांचं पटतं. लग्नात सुंदर दिसावंसं वाटणं हा गुन्हा नाही आणि त्याचा न्यायनिवाडा कुणी करू नये. पण सुई कोणाच्या हातात होती, बाटलीत काय होतं, बिघडलं तर काय करायचं ठरलं होतं, हे दोन्हीकडच्या एकानेही विचारलं नाही. नटण्याच्या भांडणात ते बुडून गेलं.

"तुमच्याकडे बरं, सगळं कायद्यानं चालतं," बहीण मला म्हणाली. नाही गो बाय. इथे बोटॉक्ससाठी औषधाची चिठ्ठी लागते, फिलरला लागत नाही. २०१३ मध्येच इथल्या सरकारने नेमलेल्या कीओ समितीने बजावलं होतं की फिलर कोणीही टोचू शकतं आणि ग्राहकाला जवळपास काहीच संरक्षण नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालच्यांना सौंदर्यासाठी फिलर टोचायला बंदी आली. परवाना पद्धत आणायचा अधिकार सरकारला २०२२ च्या कायद्याने मिळाला, पण त्यानंतरही वर्षानुवर्षं चर्चाच चालू राहिल्या. परदेशातली व्यवस्था दाखवून घरच्यांना लाजवावं, असं माझ्याकडे काही नाही.

एक फरक मात्र मी रोज बघते. इथे ओठ बिघडलेली बाई माझ्या कामाच्या ठिकाणी येते आणि काय टोचून घेतलं ते स्पष्ट सांगते. महिन्यांनी गाठी आल्या तरी सांगते, आणि त्या येतातही, कधी साध्या तापाचं निमित्त होऊन. आमच्याकडे बहीण अजून शेजारी सांगते की पोरीला कसलीतरी अ‍ॅलर्जी झाली होती. मी तिला दोष देत नाही, लग्नघर होतं. पण तक्रार झाली नाही, आणि मार्गशीर्षात वाडीतल्या आणखी दोन मुली त्याच पार्लरमध्ये जाऊन आल्या. त्यांतल्या एकीने नाकात टोचून घेतलंय.

हे कळल्यावर मी भाचीला फोन केला आणि विचारलं, लिहू का? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझा नाव घालू नको. पण लिही."